ॲनिमेशन आणि संकल्पनाचित्र : होतकरू विद्यार्थ्यासाठी मार्ग कोणता?

चित्रकलेत गती असलेले एक-दोन विद्यार्थी प्रत्येक शाळेत असतातच. स्नेहसंमेलनाचा पडदा रंगविणे, फलकलेखन करणे, विज्ञान प्रदर्शनाचे तक्ते सजविणे ही कामे ओघानेच त्यांच्याकडे येतात. शिक्षक त्यांचे कौतुक करतात, गावही करते. परंतु शालान्त परीक्षा जवळ आली की घरात एकच प्रश्न विचारला जातो : चित्रे काढून पोट भरेल काय? पूर्वी या प्रश्नाला दोन-तीन ठरावीक उत्तरे होती. कलाशिक्षक व्हावे, जाहिरात संस्थेत जावे किंवा तालुक्याच्या गावी पाट्या रंगविण्याचे दुकान काढावे. आज मुलांच्या तोंडी दोन नवी नावे ऐकू येतात. कोणाला 'ॲनिमेटर' व्हायचे असते, तर कोणाला 'कन्सेप्ट आर्टिस्ट'.

ही आकांक्षा अयोग्य नाही. तथापि तिच्याबरोबर एक धोकाही येतो. संगणकावर काही महिन्यांत ॲनिमेशन शिकवून नोकरी मिळवून देण्याच्या जाहिराती आता लहान शहरांतही दिसतात आणि त्यांचे शुल्क सामान्य शेतकरी कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे असते. त्यासाठी कर्ज काढावे किंवा जमिनीचा तुकडा विकावा काय, हे पालकांना कळेनासे होते. अशा वेळी ते सल्ल्यासाठी येतात ते मुख्याध्यापकांकडे, कलाशिक्षकांकडे किंवा गावातील जाणत्या पंचायत सदस्याकडे. योग्य सल्ला द्यावयाचा तर या व्यवसायाचे स्वरूप नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

काम दोन प्रकारचे

ॲनिमेशन म्हणजे निश्चल चित्रांना गती देणे. चित्रपटाच्या पडद्यावर दर सेकंदाला २४ चित्रचौकटी पुढे सरकतात. एकाच आकृतीच्या किंचित बदलत गेलेल्या अवस्था इतक्या वेगाने डोळ्यांपुढून गेल्या की त्या सुट्या चित्रांचा भास नाहीसा होतो व आकृती हलताना दिसते. व्यवहारात बहुधा एक रेखाचित्र दोन चौकटींसाठी वापरतात. तरीही एका सेकंदाला १२ चित्रे लागतातच. दूरदर्शनमुळे घरोघरी पोहोचलेला 'एक अनेक और एकता' हा १९७४ चा लघुपट अनेकांना आठवत असेल. तो सुमारे सात मिनिटांचा आहे. सात मिनिटे म्हणजे दहा हजारांहून अधिक चौकटी. या कामाला लागणारी चिकाटी एवढ्यावरून ध्यानात यावी.

संकल्पनाचित्र हे याच्या आधीचे काम आहे. येथे एक खुलासा करावयास हवा. आपल्या रेखाकला परीक्षांत 'संकल्पचित्र' हा विषय असतो व त्यात दिलेल्या आकारात नक्षीची रचना अभिप्रेत असते. चित्रपटाचे किंवा संगणकावरील खेळाचे संकल्पनाचित्र त्याहून निराळे आहे. कथा कागदावर असते. तिच्यातील गाव कसे दिसेल, घरांची छपरे कशाची असतील, नायिकेची वेशभूषा कोणती, सायंकाळचा प्रकाश कोठून येईल, हे शेकडो माणसे कामाला लागण्यापूर्वी कोणीतरी चित्रांतून ठरवावे लागते. असे ठरविणारा तो संकल्पनाचित्रकार. घर बांधण्यापूर्वी नकाशा काढावा, तसे हे काम आहे. संकल्पनाचित्र प्रेक्षकांपुढे बहुधा येतच नाही. ज्यांना पुढचे काम करावयाचे आहे त्यांना वाट दाखविणे हाच त्याचा हेतू असतो.

या कामाचे महत्त्व अमेरिकेतील एका उदाहरणावरून स्पष्ट होते. डिस्नेच्या 'बॅम्बी' (१९४२) या चित्रपटाची तयारी चालू असताना एक अडचण आली. अरण्याची पार्श्वभूमी इतक्या बारकाव्यांनी रंगविली जात होती की, पानापानांच्या गर्दीत हरणाचे पाडस हरवून जाई. चीनमधून बालपणी आलेले टायरस वाँग हे चित्रकार १९३८ पासून त्या संस्थेत अगदी दुय्यम काम करीत होते. प्रमुख चित्रकारांनी काढलेल्या दोन अवस्थांमधील चित्रे भरून काढणे हे ते काम. वाँग यांनी कथा वाचून स्वतःहून काही रंगचित्रे केली. चीनमधील सुंग काळातील निसर्गचित्रांची शैली त्यांच्या परिचयाची होती. तिला अनुसरून त्यांनी अरण्य धुक्यात विरघळू दिले व केवळ पाडसाभोवतीचा भाग स्पष्ट ठेवला. अडचण दूर झाली आणि त्या चित्रांवरून संपूर्ण चित्रपटाचे रूप ठरले. वाँग यांचा हात सफाईदार होताच, पण केवळ त्यामुळे हे घडले नाही. काय काढू नये हे त्यांना उमगले होते.

असे असूनही १९४१ मध्ये संस्थेत झालेल्या संपानंतर वाँग यांना कामावरून कमी करण्यात आले आणि त्यांच्या कार्याची योग्य दखल घेतली जाण्यास पुढे अनेक दशके लागली. या व्यवसायात गुणवत्ता असली की स्थैर्य येतेच असे नाही, हेही या उदाहरणातून दिसते.

महाराष्ट्रातील पूर्वपीठिका

हा व्यवसाय परक्या भूमीतून अलीकडे आला, असा समज सर्वत्र आहे. तो पूर्णपणे खरा नाही. त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेले दादासाहेब फाळके हे मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे विद्यार्थी. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) निर्माण करण्यापूर्वी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट घेत चित्रित केली होती. पुढे १९१५ च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज' या लघुपटात त्यांनी काड्या एकेक करून सरकवीत त्यांना पडद्यावर चालते केले. भारतातील ॲनिमेशनचा आरंभ या प्रयोगांपासून मानला जातो.

स्वातंत्र्यानंतर केंद्र शासनाच्या फिल्म्स डिव्हिजन या मुंबईतील संस्थेत व्यंगपट विभाग निघाला. १९५६ मध्ये डिस्नेचे अनुभवी कलावंत क्लेअर वीक्स प्रशिक्षणासाठी तेथे आले आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली जातककथेवर आधारलेला 'द बनियन डिअर' (१९५७) तयार झाला. रसायनशास्त्राचा अभ्यास केलेले राम मोहन हे तेथे घडलेले कलावंत पुढे भारतीय ॲनिमेशनचे अध्वर्यू म्हणून ओळखले गेले. त्यांना २०१४ मध्ये पद्मश्री देण्यात आली. वर उल्लेखिलेला 'एक अनेक और एकता' हा लघुपट मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे यांनी दिग्दर्शित केला व त्याचे ॲनिमेशन भीमसेन यांनी केले.

राम मोहन यांच्या कारकिर्दीतील एक गोष्ट विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगावी अशी आहे. जपानचे युगो साको यांच्यासमवेत त्यांनी रामायणावरील पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट (१९९२) केला. जपानी चित्रकार अत्यंत कुशल होते. परंतु धोतराच्या निऱ्या कशा पडतात, राजाला कसे संबोधतात, वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद घेताना मूल कसे वाकते, हे त्यांना भारतीय सहकाऱ्यांकडून समजून घ्यावे लागले. आपल्याकडील खेड्यातील मुलाला जे न शिकता ठाऊक असते, ते या व्यवसायात मोलाचे भांडवल ठरू शकते.

चित्रांच्या मालिकेतून कथा सांगण्याची कलाही येथे नवी नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीचे चित्रकथी कलावंत रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे क्रमाने पुढे करीत कथागायन करतात. ॲनिमेशनच्या कामात चित्रपटाची कथा प्रथम लहान लहान चित्रांच्या ओळीत मांडतात, तिला 'स्टोरीबोर्ड' म्हणतात. कोणता प्रसंग चित्रात घ्यावा आणि कोणता शब्दांवर सोडावा, हा प्रश्न पिंगुळीचा कलावंत आणि स्टोरीबोर्ड काढणारा चित्रकार या दोघांपुढेही सारखाच असतो.

पाया निरीक्षणाचा

या व्यवसायाचा पाया संगणक नाही. निरीक्षणपूर्वक केलेले रेखाटन हा त्याचा पाया आहे, ही गोष्ट पालकांना स्पष्टपणे सांगण्याची गरज आहे. संगणकातील आज्ञावली काही महिन्यांत शिकता येतात व काही वर्षांत त्या बदलूनही जातात. डोळ्यांना लागलेली सवय मात्र टिकते.

निरीक्षण म्हणजे नेमके काय, याची उदाहरणे गावातच सापडतात. रिकामी घागर घेऊन पाणवठ्याकडे जाणारी स्त्री आणि भरलेली घागर घेऊन परतणारी स्त्री यांच्या चालण्यात फरक असतो. कंबर, मान, पावलांतील अंतर, हाताचा तोल सारेच बदललेले असते. पडद्यावरील घागरीत पाणी आहे, हे प्रेक्षकाला केवळ त्या चालीवरून कळते. बसलेला बैल उठताना आधी मागचा भाग उचलतो, तर घोडा आधी पुढचे पाय टेकवून उभा राहतो. हे न पाहिलेला चित्रकार कितीही महागडे साधन हाती आले तरी बैलाला घोड्यासारखा उठवील आणि गावातले पोरसुद्धा त्याला हसेल.

यासाठी करावयाचे अभ्यास अल्प खर्चाचे आहेत. बिनरेघी वही व पेन्सिल घेऊन रोज अर्धा-एक तास प्रत्यक्ष पाहून रेखाटन करावे. आठवडे बाजार, बसस्थानक, गोठा, कुस्तीचा आखाडा, भजनाची बैठक या सर्व जागा उत्तम आहेत. माणूस एका जागी स्थिर राहत नसल्याने अर्ध्या-एक मिनिटात त्याची ठेवण पकडण्याचा सराव होतो. जुन्या वहीच्या कोपऱ्यावर पानागणिक थोडे थोडे बदलत जाणारे चित्र काढून पाने झरझर सोडली की चित्र हलू लागते. ॲनिमेशनचे पहिले प्रात्यक्षिक यातच होते. उसळणारा चेंडू हा जगभरच्या शिक्षणक्रमांतील आरंभीचा पाठ आहे. जमिनीवर आदळताना चेंडू चपटतो, वर जाताना त्याचा वेग मंदावतो आणि प्रत्येक उसळीची उंची घटत जाते. एवढे जमले तर वजन व वेग यांची समज आली असे समजावे. त्यापुढील प्रसिद्ध पाठ पिठाच्या पिशवीचा. नाक-डोळे नसलेली पिशवी केवळ वाकण्या-ताठण्यातून आनंदी किंवा खिन्न दाखवावयाची असते. आपल्या मुलांनी तो धान्याच्या पोत्यावर करावा.

शासकीय रेखाकला परीक्षांतील स्मरणचित्र हा विषय या दृष्टीने विशेष उपयुक्त आहे. जत्रा, बसथांबा किंवा पावसातील रस्ता असे प्रसंग समोर नसताना काढणे हे संकल्पनाचित्राच्या अगदी जवळचे आहे. दुर्दैवाने काही ठिकाणी मुलांकडून दोन-चार तयार चित्रे पाठ करून घेतली जातात. गुण मिळतात, पण कलेचे शिक्षण तेवढे हुकते. एकच प्रसंग तीन निरनिराळ्या बाजूंनी काढावयास सांगितला, तर पाठांतराला वावच उरणार नाही.

साधने व शिक्षणाच्या वाटा

साधनांचा खर्च आता पूर्वीइतका अडसर राहिलेला नाही. ब्लेंडर ही त्रिमितीय ॲनिमेशनची व क्रिता ही चित्रकलेची संगणकप्रणाली विनामूल्य उपलब्ध आहे. लॅटव्हिया या लहानशा देशातील गिंट्स झिलबालोडिस यांनी 'फ्लो' (२०२४) हा चित्रपट ब्लेंडरच्या साहाय्याने केला आणि २०२५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचा ऑस्कर पुरस्कार मिळाला. शाळेच्या संगणक कक्षातील यंत्र बऱ्यापैकी क्षमतेचे असेल, तर सुट्टीच्या दिवसांत अशा प्रणालीचा प्राथमिक परिचय तेथेच करून देता येईल.

औपचारिक शिक्षणाच्या वाटा अनेक आहेत. मुंबईच्या सर ज. जी. कलामहाविद्यालयाची परंपरा १८५७ पासूनची आहे. ललित कला किंवा उपयोजित कलेची पदवी घेऊन या क्षेत्रात आलेले कलावंत पुष्कळ आहेत. भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथील औद्योगिक अभिकल्प केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. तेथे ॲनिमेशनचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. तेथील अभिकल्प पदवीसाठी बारावीनंतर 'यूसीड' ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते व तिला कोणत्याही शाखेचा विद्यार्थी बसू शकतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेची प्रवेशपरीक्षा स्वतंत्र असते. या परीक्षांत चित्र रेखीव असण्यापेक्षा निरीक्षण, कल्पकता व विचारपद्धती यांची पारख अधिक होते. नियम व मुदती दरवर्षी बदलू शकत असल्याने संबंधित संस्थेची त्या वर्षाची माहितीपुस्तिका पाहूनच अर्ज करावा.

महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये ॲनिमेशन, दृश्यपरिणाम, गेमिंग, कॉमिक्स व तत्सम क्षेत्रांसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. त्यात २०५० पर्यंतची वाटचाल दृष्टीपुढे ठेवून ३,२६८ कोटी रुपयांचा आराखडा आखण्यात आला आहे. त्याच वर्षी मुंबईत पेडर रोडवरील राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या संकुलात भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्थेचा आरंभ झाला. ही फिल्म्स डिव्हिजनची जुनी वास्तू. ती संस्था २०२२ मध्ये या महामंडळात विलीन झाली.

खाजगी संस्थेत प्रवेश घ्यावयाचा असल्यास पालकांनी चार गोष्टी अवश्य पाहाव्यात. अभ्यासक्रमाला विद्यापीठाची किंवा शासकीय मंडळाची मान्यता आहे काय, शिकविणाऱ्यांनी स्वतः कोणते काम केले आहे, मागील विद्यार्थ्यांची कामे पाहावयास मिळतात काय आणि मध्येच शिक्षण सोडल्यास शुल्क परत करण्याचा नियम लेखी आहे काय. नोकरीची हमी तोंडी दिली जात असेल, तर तिला किंमत देऊ नये.

व्यवसायाचे वास्तव

नोकरी देणारे प्रमाणपत्रापेक्षा विद्यार्थ्याचा निवडक चित्रसंग्रह पाहतात. त्यात पंधरा-वीस कामे पुरतात, पण ती स्वतःची हवीत. परदेशी मालिकांतील प्रसिद्ध पात्रांच्या हुबेहूब नकला करणारा मुलगा गावात वाखाणला जातो. निवड करणाऱ्यांना मात्र त्या नकलांतून त्याच्याविषयी फारसे काही कळत नाही. ॲनिमेटर होऊ पाहणाऱ्याने हालचालींचे छोटे नमुने ठेवावेत. संकल्पनाचित्रकार होऊ पाहणाऱ्याने एकाच वाड्याचे, पात्राचे किंवा अवजाराचे अनेक पर्याय आणि त्यांतून एक का निवडला हे दाखवावे.

भारतातील बऱ्याच संस्था परदेशी निर्मात्यांसाठी काम करतात. त्यामुळे तिकडे मंदी आली की तिचा फटका येथे बसतो. फ्रान्समधील टेक्निकलर समूह फेब्रुवारी २०२५ मध्ये कोसळला, तेव्हा बंगळूर व मुंबई येथील त्याच्या कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या अचानक गेल्या. कामाच्या वेळा अनेकदा लांबतात आणि नवोदितांचे वेतन बेताचे असते. संकल्पनाचित्रकारांच्या जागा तर ॲनिमेशनमधील इतर कामांच्या तुलनेने थोड्याच असतात. म्हणून विद्यार्थ्याने स्टोरीबोर्ड, पार्श्वभूमी-चित्रण, पुस्तकांची सजावट, शैक्षणिक चित्रफिती अशा जवळच्या कामांची तयारीही ठेवावी.

२०२२ पासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने क्षणात चित्र तयार करणाऱ्या प्रणाली सर्वांच्या हाती आल्या. नवोदितांना पूर्वी मिळणारी काही प्राथमिक कामे आता यंत्राकडे जाऊ लागली आहेत. हे विद्यार्थ्यापासून लपवून ठेवण्यात अर्थ नाही. केवळ गुळगुळीत, आकर्षक चित्र काढता येणे ही यापुढे पुरेशी पात्रता ठरणार नाही. कथेला काय हवे हे ओळखणे, अनेक पर्यायांतून योग्य तो निवडणे आणि दिग्दर्शकाच्या सूचनेनुसार तो पुन्हा पुन्हा सुधारणे, हेच काम चित्रकाराकडे मुख्यतः उरेल. टायरस वाँग यांनी १९३८ नंतर केले ते हेच होते.

गावपातळीवर काय करता येईल

या कामी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. मुख्याध्यापकांनी चित्रकलेच्या तासिका इतर विषयांच्या जादा तासांसाठी वापरल्या जाऊ नयेत याची दक्षता घ्यावी. रेखाकला परीक्षेचे अर्ज वेळेवर भरले जातात किंवा नाही हे पाहावे. ग्रामपंचायतीच्या वाचनालयात शरीररचना, यथार्थदर्शन व लोककला यांवरील दोन-चार सचित्र ग्रंथ ठेवता येतील. गावच्या यात्रेत किंवा ग्रामसभेच्या दिवशी विद्यार्थ्यांच्या रेखाटनवह्या मांडल्या, तर पालकांनाही आपल्या मुलाची खरी तयारी कळेल.

एखादा पालक कर्जाचा विचार घेऊन आला, तर त्याला एक वर्ष थांबण्यास सांगावे. त्या वर्षात मुलाने वह्या भरल्या, चुका ओळखल्या, पुन्हा काढले आणि तरीही त्याचा उत्साह टिकला, तर त्याच्यासाठी प्रवेशपरीक्षेचा अर्ज व शिष्यवृत्तीची चौकशी करण्यास हरकत नाही. वह्या कोऱ्याच राहिल्या, तर निदान जमीन तरी वाचेल आणि मुलाला चित्रकलेचा आनंद आयुष्यभर घेता येईल तो वेगळाच.